फ्रीझरमधली जुनी नळी

झाड मोडलं त्या दिवशी वारा फारसा नव्हता. संत्र्याचं तीन वर्षांचं कलम जोडापाशी तुटून आडवं झालं होतं. तुटलेली जागा इतकी सपाट, की करवत चालवल्यासारखी वाटावी. रोपवाटिकेचं काम बघणारे काका ते खोड पोत्यात गुंडाळून घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, हे आपल्या सात नंबरचं लेकरू. अशी आणखी अकरा पडलीत."

सात नंबर म्हणजे मातृवृक्ष क्रमांक सात. त्याच्या डोळकाड्या काढायच्या, त्रिपर्णी खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या रोपावर, डोळे भरायचे आणि तयार झालेली कलमं लागवडीला पाठवायची, असं ते चक्र. चार वर्षांपूर्वी त्या झाडाची तपासणी मी केली होती. अहवालावर माझी सही होती आणि सहीच्या वर माझ्याच हस्ताक्षरातला एक शब्द: विषाणूमुक्त.

सुरीनं मी खोडाची साल सोलली. खुंट आणि कलम जिथे मिळतात तिथे लाकडावर पिवळट तपकिरी रेघ खोडाला पूर्ण वळसा घालून गेली होती. सालीच्या आतल्या अंगाला त्याच जागी उंचवटा आणि लाकडात त्याला बसेल अशी खाच. जोडाच्या वरचा भाग सुजल्यासारखा जाड. लिंबूवर्गीय झाडांवर काम करणाऱ्यांना ही रेघ ओळखीची असते. खुंट आणि कलम यांचं मुळात न जमणं हेही तिचं कारण असू शकतं, पण संशय आधी विषाणूवर जातो, आणि त्यातही टॅटर लीफ या विषाणूवर.

या विषाणूची हकिगत मला पहिल्यापासून अस्वस्थ करत आली आहे. फ्रँक मेयर या वनस्पती-संग्राहकानं १९०८ मध्ये चीनमधून एक लिंबू अमेरिकेत नेलं. ते मेयर लिंबू म्हणून लोकप्रिय झालं, बागाबागांत लावलं गेलं. पुढे १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉलेस आणि ड्रेक या शास्त्रज्ञांनी त्यातल्या टॅटर लीफचं वर्णन केलं. मेयर लिंबाच्या झाडावर रोगाचं एकही लक्षण नव्हतं. झाड हिरवंगार, फळं भरपूर, आणि आत विषाणू. आमचा सात नंबरही असाच होता. जंबेरी खुंटावर उभा, पानं तुकतुकीत. जंबेरीवर या विषाणूचा काहीच मागमूस दिसत नाही. त्रिपर्णी खुंटावर डोळा भरला की मग काही वर्षांनी जोड बोलायला लागतो.

मॅडमनी खोड हातात घेऊन बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "जुना अहवाल काढ."

अहवालात पाच विषाणूंची नावं होती आणि प्रत्येकापुढे 'आढळला नाही'. टॅटर लीफही त्यात होता. तपासणी आरटी-पीसीआरनं केलेली. या चाचणीत विषाणूच्या जनुकीय क्रमातल्या ठरावीक वीस-बावीस अक्षरांना चिकटतील असे दोन छोटे तुकडे वापरतात. त्यांना प्रायमर म्हणतात. ते जागेवर बसले तर मधला भाग कोट्यवधी पटींनी वाढतो आणि जेलवर पट्टी उमटते. पट्टी आली तर विषाणू आहे हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. पट्टी नाही आली तर मात्र तीन शक्यता उरतात. विषाणू नाहीच. विषाणू आहे, पण मी तोडलेल्या डहाळीत त्या वेळी नव्हता किंवा फार कमी होता. किंवा आहे, पण प्रायमरला हवी असलेली अक्षरं त्याच्याकडे वेगळी आहेत. हे मला तेव्हाही पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहून आले होते. अहवालात तिन्ही शक्यतांच्या जागी मी एकच शब्द लिहिला.

"या वेळी एकेका विषाणूचं नाव घेऊन विचारायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "झाडात जो जो आरएनए आहे तो सगळा वाचायचा." या विषाणूंची जनुकीय माहिती आरएनए या रेणूतच असते.

नमुने घेतले ते सात नंबरच्या चारही दिशांच्या कोवळ्या फांद्यांचे. फळझाडात विषाणू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत भरपूर आणि शेजारच्या फांदीत शून्य, असंही होतं. ट्रिस्टेझासारखे काही विषाणू सालीलगतच्या अन्नवाहिन्यांतच राहतात, म्हणून पानाऐवजी साल घेतली. मोडलेल्या कलमांपैकी तीन घेतली. शिवाय जाळीघरात बियांपासून वाढवलेलं एक निरोगी रोप आणि एक नळी नुसत्या पाण्याची. ही शेवटची दोन घ्यायला मी सुरुवातीला कंटाळले होते, पैसे आणि जागा वाया जाते असं वाटायचं. पुढे त्या दोघांनीच मला एका मोठ्या घोटाळ्यातून बाहेर काढलं.

आरएनए काढणं हा या सगळ्यातला सर्वांत अंगमेहनतीचा भाग, आणि त्यावर कुणी फारसं लिहीत नाही. लिंबूवर्गीय सालीत डिंकासारखी शर्करा आणि फिनॉल ठासून भरलेले असतात. साल द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायची, पूड पांढरट हिरवी असतानाच सुमारे ६५ अंशांपर्यंत तापवलेल्या द्रावणात टाकायची. क्षणभर उशीर झाला की पूड वितळते, काळी पडते आणि आरएनए गेला म्हणून समजायचं. तयार मिळणाऱ्या किटनं केलेले माझे पहिले तिन्ही प्रयत्न वाया गेले. नळीच्या तळाशी आरएनएच्या जागी तपकिरी जेलीसारखा गोळा. प्रकाशशोषण मोजलं तर २६० आणि २३० या तरंगलांबींचं गुणोत्तर, जे दोनच्या आसपास हवं, ते एकच्याही खाली. शेवटी जुन्या सीटॅब पद्धतीकडे वळले. द्रावणात पीव्हीपी घातलं, ते फिनॉलला धरून ठेवतं. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घातलं, त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास हातमोजे काढल्यावरही नाकातून जात नाही. क्लोरोफॉर्मनं दोनदा धुतलं आणि लिथियम क्लोराइड घालून रात्रभर थंडीत ठेवलं. सकाळी नळी फिरवल्यावर तळाशी काचेसारखा पारदर्शक ठिपका दिसला. तो ठिपका दिसायला मला सतरा दिवस लागले.

पुढचा निर्णय वरवर किरकोळ वाटतो. झाडातून निघालेल्या आरएनएमध्ये बहुतांश भाग रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा असतो, तो काढून टाकल्याशिवाय वाचनाचा पैसा सगळा त्यावरच जातो. काढायचे दोन मार्ग. ज्यांच्या टोकाला ए-ए-ए-ए अशी शेपटी आहे तेवढेच रेणू पकडायचे, किंवा रायबोसोमचे रेणू ओळखून तेवढेच वजा करायचे. पहिला मार्ग स्वस्त. पण टॅटर लीफला शेपटी आहे आणि ट्रिस्टेझाला नाही. व्हायरॉइडांना तर टोकच नसतं, ते गोल वेटोळं. व्हायरॉइड म्हणजे प्रथिनाचं कवचही नसलेला आरएनएचा नुसता तुकडा. डायनर यांनी १९७१ मध्ये बटाट्याच्या रोगात तो पहिल्यांदा ओळखला. पहिला मार्ग धरला असता तर शेपटी नसलेले सगळे माझ्या जाळीतून निसटले असते आणि मी पुन्हा 'आढळला नाही' असं लिहिलं असतं. आम्ही दुसरा मार्ग घेतला.

नंतरचं काम यंत्राचं. आरएनएचे तुकडे, त्यांची डीएनए प्रत, दोन्ही टोकांना जोडतुकडे, प्रत्येक नमुन्याला ओळखीचं अक्षरचिन्ह, मग सगळे नमुने एकाच नळीत मिसळून वाचन. आमच्याबरोबर त्याच फेरीत दुसऱ्या गटाचे आलुबुखारचे नमुने होते. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

माहिती आली तेव्हा एकेका नमुन्याचे सुमारे दोन कोटी तुकडे होते, प्रत्येक दीडशे अक्षरांचा. आधी खराब अक्षरं कापली. मग झाडाचे स्वतःचे तुकडे बाजूला केले; मोसंबीचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे आणि संत्र्याला तो पुरेसा जवळचा आहे. उरलं त्यात सालीवरच्या बुरशीचं, जिवाणूंचं, मावा किड्याचंही काही काही होतं. एक झाड म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो त्यात किती जणांचा वावर असतो, हे त्या यादीत पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं. उरलेल्या तुकड्यांची टोकं एकमेकांशी जुळवून लांब सलग ओळी बांधल्या आणि त्या ज्ञात विषाणूंशी ताडून पाहिल्या.

सात नंबरमध्ये विषाणूंच्या दर दहा तुकड्यांतले नऊ ट्रिस्टेझाचे होते.

ट्रिस्टेझा म्हणजे पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये दुःख. १९३० च्या दशकापासून ब्राझील आणि अर्जेंटिनातली लक्षावधी झाडं या रोगानं वाळली, तेव्हाचं हे नाव. वनस्पतींच्या आरएनए विषाणूंमध्ये हा सर्वांत लांबांपैकी एक, सुमारे १९,३०० अक्षरांचा. माझ्या पडद्यावर त्याची जवळजवळ संपूर्ण ओळ बांधली गेली होती. एका टोकाकडे, ३ प्राइम बाजूला, तुकड्यांची रास डोंगरासारखी चढत गेलेली. या विषाणूच्या छोट्या उपप्रती त्याच टोकाला असतात, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. मी रात्री साडेदहाला मॅडमना संदेश पाठवला: सापडला, ट्रिस्टेझा आहे.

उत्तरात एकच प्रश्न आला. "मोडलेल्या झाडांचा खुंट कोणता?"

त्रिपर्णी. ट्रिस्टेझा आंबट संत्र्याच्या खुंटावरची झाडं मारतो. त्रिपर्णी त्याला दाद देत नाही. ट्रिस्टेझा आहे अशा भागांत लोक त्रिपर्णी आणि त्याचे संकर मुद्दाम निवडतात, तेही याच कारणासाठी. म्हणजे ज्याचा आवाज सर्वांत मोठा होता त्याच्यावर हा गुन्हा बसत नव्हता. फोन उलटा ठेवून मी बराच वेळ तशीच बसले.

दुसऱ्या दिवशी यादीत खाली उतरताना आणखी एक ओळ दिसली आणि हात थंड पडले. प्लम पॉक्सचे ३७ तुकडे. हा आलुबुखार, पीच, जर्दाळू यांच्या वर्गाचा विषाणू, १९१७ च्या सुमारास बल्गेरियात पहिल्यांदा लक्षात आलेला, शार्का या नावानं कुप्रसिद्ध. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तो १९९९ मध्ये सापडला तेव्हा बागाच्या बागा उपटाव्या लागल्या आणि संपूर्ण देशातून त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर व्हायला २०१९ उजाडलं. असा विषाणू संत्र्यात? खरं असतं तर ती बातमी होती. माझ्या मनात तो शोधनिबंध अर्धा लिहूनही झाला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण पाण्याच्या नळीतही प्लम पॉक्सचे चार तुकडे होते, आणि बियांपासून वाढवलेल्या त्या निरोगी रोपात नऊ. शेजारच्या गटाकडून त्यांचा क्रम मागून घेतला. माझे ३७ च्या ३७ तुकडे त्यांच्या आलुबुखारातल्या विषाणूशी अक्षरनअक्षर जुळले. वाचनाच्या वेळी एका नमुन्याचं ओळखचिन्ह दुसऱ्याच्या तुकड्याला लागतं, असं अल्प प्रमाणात होतंच. आम्ही ताज्या सालीतून पुन्हा आरएनए काढला, दोन्ही टोकांना वेगवेगळी आणि एकदाच वापरली जाणारी चिन्हं लावली, पुन्हा वाचलं. प्लम पॉक्स शून्य. यात महिना गेला. त्या महिन्यात मी शिकले ते हे, की किती तुकड्यांना 'आहे' म्हणायचं याची रेघ पुस्तकातून आणता येत नाही. ती त्याच फेरीतल्या पाण्याच्या नळीनं आखून द्यावी लागते.

आणि त्या रेघेच्या बऱ्याच वर, पण ट्रिस्टेझाच्या गदारोळात पार दबलेले, टॅटर लीफचे साडेसहाशे तुकडे होते.

साडेसहाशे म्हणजे साडेसहा हजार अक्षरांच्या विषाणूवर सरासरी पंधरा थर. सात नंबरमध्ये त्याची सलग ओळ बांधली गेली नाही, सात-आठ तुकड्यांतच राहिली. मोडलेल्या कलमांत मात्र भरपूर होता, नऊ हजारांहून जास्त तुकडे, आणि ओळ जवळपास अखंड. त्या तीन कलमांपैकी ट्रिस्टेझा एकातच होता. टॅटर लीफ तिघांतही. तिसरी नोंद हॉप स्टंट व्हायरॉइडची, जेमतेम तीनशे अक्षरांचा. त्याच्या काही प्रकारांमुळे संत्र्यात कॅकेक्सिया रोग होतो आणि काहींमुळे होत नाही. फरक पाच-सहा अक्षरांचा असतो. आमचा निरुपद्रवी प्रकारातला निघाला. त्यावर मी तेव्हा फार विचार केला नाही, पण तो कात्रीच्या पात्यावरून पसरतो ही गोष्ट नंतर आठवावी लागली.

टॅटर लीफ हे नाव लिंबूवर्गीयांतलं. क्रम वाचल्यावर कळलं की तो आणि सफरचंदातला ॲपल स्टेम ग्रूव्हिंग विषाणू एकच आहेत. सफरचंदातल्याचा क्रम जपानमध्ये १९९२ मध्ये वाचला गेला होता. आता दोघांनाही कॅपिलोव्हायरस माली हेच नाव आहे. माली म्हणजे सफरचंदाचा. दोन वेगळ्या झाडांवर, दोन वेगळ्या लक्षणांवरून, दोन वेगळ्या काळात ठेवलेली नावं अक्षरं जुळल्यावर एक झाली. आमच्या विषाणूचं ज्ञात नातेवाइकांशी जास्तीत जास्त साम्य ८३ टक्के होतं. या कुळात कवच-प्रथिनाच्या किंवा प्रतिलेखक जनुकाच्या क्रमात साम्य साधारण ७२ टक्क्यांच्या खाली गेलं तरच वेगळी जात मानतात. म्हणजे जात जुनीच, पण बराच लांबचा भाऊ.

किती लांबचा, ते जुने प्रायमर शेजारी ठेवल्यावर दिसलं. कागदावर वर प्रायमरची वीस अक्षरं लिहिली, खाली आमच्या विषाणूची. तीन ठिकाणी जमत नव्हतं. त्यातलं एक अगदी शेवटचं, ३ प्राइम टोकाचं, जिथून विकर पुढची साखळी बांधायला सुरुवात करतं. मधलं एखादं अक्षर चुकलं तर चाचणी कशीबशी निभावून नेते. शेवटचं चुकलं की बहुधा सुरुवातच होत नाही. चार वर्षांपूर्वी मी झाडाला प्रश्न विचारला होता तो त्या झाडातल्या विषाणूच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हता.

ज्ञात सगळे क्रम एकाखाली एक मांडून, जिथे सर्वांची अक्षरं सारखी आहेत अशा जागी मी नवे प्रायमर बेतले. ते आल्यावर पहिली चाचणी कशावर करायची हे ठरवायला वेळ लागला नाही. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात, बर्फ खरवडून काढाव्या लागलेल्या डबीत, चार वर्षांपूर्वीच्या आरएनएची नळी होती. झाकणावर '७' आणि तारीख, माझंच अक्षर. त्या वेळच्या आणि आताच्या अक्षरातही फरक पडला आहे, वेलांटी आता मी वेगळी काढते.

जेल प्रकाशात धरलं तेव्हा मॅडम शेजारी उभ्या होत्या. पट्टी होती. ठळक. ट्रिस्टेझाची तपासणी त्याच नळीतून केली, ती नकारार्थी आली. म्हणजे ट्रिस्टेझा मधल्या वर्षांत माव्यानं आणला, झाड उघड्यावर उभं होतं. टॅटर लीफ मात्र मी विषाणूमुक्त असं लिहिलं त्या दिवशी माझ्या हातातल्या नळीत होता. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी जेलचा फोटो काढून घेतला आणि मला चहाला खाली घेऊन गेल्या.

मग सर्व ४८ मातृवृक्षांची तपासणी. पाच झाडं सापडली: सात, आठ, नऊ, अकरा आणि एकोणतीस. पाचही जणांचा विषाणू वाचला. पहिल्या चौघांत साडेसहा हजारांपैकी पाच-सात अक्षरांचाच फरक. एकोणतीसचा मात्र हजारभर अक्षरांनी वेगळा, तो दुसरीकडूनच कधीतरी आलेला. म्हणजे सात ते अकरा एका माळेतले होते. टॅटर लीफला पसरवणारा कुठलाही कीटक माहीत नाही. तो कलमातून जातो आणि पात्यावरच्या रसातून जातो. तो व्हायरॉइडही त्या चौघांत होता.

पण मग दहा नंबर मधेच कसा सुटला? या प्रश्नानं मी दोन दिवस हैराण होते. दहा नंबरची तीनदा तपासणी केली. शेवटी काकांना विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "दहा नंबर तेव्हा कुठं होता ताई? जुना वाळला म्हणून नवीन लावला होता. पोर होतं ते, छाटणीला आलंच नव्हतं."

दोन कोटी तुकड्यांत हे उत्तर नव्हतं. छाटणी सात नंबरकडून सुरू होऊन पुढे गेली होती, एकाच कात्रीनं. याला मी पुरावा म्हणणार नाही, पण क्रमातलं साम्य, व्हायरॉइड आणि काकांची आठवण एकाच बाजूला झुकत होती. काका गप्प झाले. मग म्हणाले, "कात्री मीच धरली होती." मी त्यांना सांगितलं की ज्या झाडावर विषाणूमुक्त अशी पाटी मीच लावली, त्या झाडानंतर कात्री धुवायचं त्यांना कसं सुचावं? ते मी समजूत काढायला म्हटलं नव्हतं. तसंच होतं.

क्रम पूर्ण करायचं काम त्यानंतरचं. जुळवणीत ५ प्राइम टोकाची साठेक अक्षरं गायब होती, तिथे तुकडे पोहोचत नाहीत. ती रेस नावाच्या पद्धतीनं वेगळी काढावी लागली. एका ठिकाणी सात ए ओळीनं होते की आठ, यावर सगळं अडलं. आठ धरले तर प्रथिन अर्ध्यात थांबत होतं, आणि असा विषाणू जगणं शक्य नव्हतं. जुन्या सँगर पद्धतीनं तेवढाच भाग दोन्ही बाजूंनी वाचला, सात निघाले. मग क्रम, झाडाची जात, नमुन्याची तारीख सगळं जेनबँक या जनुकीय क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात दिलं. क्रमांक मिळाला.

एवढं होऊनही विषाणू सापडला म्हणजे तोच कारण, असं म्हणता येत नाही. ट्रिस्टेझा नसलेल्या एका मोडक्या कलमाची साल रस्क सिट्रेंज या निर्देशक झाडावर बसवली. टॅटर लीफ थंडाव्यात लक्षणं दाखवतो, म्हणून खोली थंड ठेवली. काही महिन्यांनी नव्या पानांवर फिकट पिवळे डाग आले आणि कडा चुरगळल्यासारख्या, फाटल्यासारख्या झाल्या. निरोगी साल बसवलेली रोपं स्वच्छ राहिली. त्रिपर्णी खुंटावरची रोपंही कुंड्यांत आहेत. त्यांच्या जोडाची साल सोलून बघायला अजून वेळ आहे, आणि तोवर माझ्या लिखाणात 'संबंधित' असा शब्द आहे, 'कारण' असा नाही.

सात नंबर तोडला, पण त्याचा वाण राखायचा होता. त्याची रोपं उष्ण कक्षात ठेवून मग सूक्ष्मदर्शकाखाली शेंड्याचं टोक घेतलं, मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा, दोन-तीन पर्णांकुरांसह, आणि काचनळीतल्या खुंटावर बसवलं. टॅटर लीफ नुसत्या शेंडाकलमानं सहसा जात नाही, म्हणून आधी उष्णता. चाळीस टोकांतली नऊ जगली आणि तपासणीत त्यातली तीन टिकली. ती जाळीघरात आहेत.

त्यांचा अहवाल परवा दिला. तो पूर्वीसारखा अर्ध्या पानाचा नाही. कोणते विषाणू आणि व्हायरॉइड तपासले, कोणत्या महिन्यात, कोणत्या फांदीची साल, कोणते प्रायमर, वाचनात किती तुकडे आले, पाण्याच्या नळीत किती होते, आणि पुढची तपासणी कधी. काकांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि विचारलं, "ताई, तो शब्द नाही दिसत कुठं."

"नाही लिहिला, काका."

त्यांनी पान उलटून शेवटची ओळ पुन्हा वाचली, खिशातलं पेन काढून पुढच्या तपासणीची तारीख जाळीघराच्या दारावरच्या पत्र्यावर लिहिली आणि कात्री बुडवायच्या बादलीतलं द्रावण बदलायला गेले.